गाजर गवत खाणारे भुंगे प्लॉटवर सोडायचेत, कोणी सोडलेत का? सूर्यफुलाला धोका आहे का?

धायरीकरीण
२८ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. आमची सोसायटी धायरीत आहे, मागच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे, वीसेक गुंठे असेल, त्याचा कोर्टात वाद चालू आहे म्हणतात त्यामुळे कित्येक वर्षं तिथे काहीच होत नाही आणि पहिला पाऊस पडला की पंधरा दिवसांत सगळं गाजर गवताने हिरवंगार. गणपतीपर्यंत कमरेएवढं होतं आणि वर ती पांढरी बारीक फुलं. लांबून बघणाऱ्याला छान वाटत असेल, आमच्या घरात त्या फुलांची धास्ती आहे.

माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. गेली चार वर्षं त्यांना मानेवर, कोपराच्या घडीत आणि पापण्यांवर लाल चट्टे येतात, रात्र रात्र खाजवतात, स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट करून सांगितलं की गाजर गवताचीच अ‍ॅलर्जी आहे. पूर्वी सकाळी चहा आणि पेपर घेऊन बाल्कनीत बसायचे, आता ऑगस्ट ते डिसेंबर बाल्कनीचं दार बंद. त्यांनी कधी तक्रार केली नाही पण मला बघवत नाही.

गेल्या वर्षी सोसायटीने वर्गणी काढून एकाला तणनाशक मारायला बोलावलं. आठ दिवसांत सगळं तपकिरी झालं, भिंतीकडचे आमचे शेवग्याचे दोन झाडंही माना टाकून बसले, आणि महिन्याभरात खालून परत हिरवी रोपं वर आली, पहिल्यापेक्षा दाट. पैसे गेले ते गेलेच.

आता मुद्दा. परवा भिंतीवरून वाकून बघितलं तर दोन-तीन रोपांची पानं चाळणीसारखी झालेली आणि एका पानावर एक भुंगा बसलेला, तुरीच्या डाळीएवढा, मळकट पांढरा, पाठीवर चॉकलेटी नागमोडी रेघा उभ्या. शोधलं तर मेक्सिकन भुंगा म्हणतात त्याला, आणि तो फक्त गाजर गवत खातो असं वाचलं. खरंय का हे? असे भुंगे मिळतात का कुठे, किती सोडायचे, कधी सोडायचे, घरात वगैरे घुसतात का? माझ्या बाल्कनीत झेंडू आणि शेवंती आहे. आणि मोठी काळजी म्हणजे माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, भाऊ थोडं सूर्यफूल करतो, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला असलं काही आणू नकोस, हा किडा सूर्यफूल खातो असं त्याने ऐकलंय. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

---

जुना_कृषीवाला
२९ जून, सकाळी ७:०५

ताई, तुम्ही जो बघितला तो तोच आहे, झायगोग्रामा बायकोलोराटा. मी कृषी खात्यात कृषी सहायक म्हणून नोकरी केली आणि हे भुंगे प्लॅस्टिकच्या बरण्यांत भरून गावोगाव नेऊन सोडलेत त्यामुळे ओळखीत चूक होणार नाही. तुमच्या प्लॉटवर तो आपणहून आलाय ही फार चांगली गोष्ट आहे, म्हणजे तो तिथे आधीपासून थोडाफार आहे, तुम्हाला शून्यातून सुरुवात करायची नाहीये.

हा मूळ मेक्सिकोचा. गाजर गवतही त्याच बाजूचं. १९८३ साली तो बंगळुरूला आणला, बंदिस्त ठिकाणी ठेवून वेगवेगळ्या पिकांवर तपासला आणि १९८४ मध्ये उघड्यावर सोडला. पहिली काही वर्षं कोणाच्या डोळ्यात भरेल असं काही झालं नाही, मग एकदम संख्या वाढली आणि बंगळुरूच्या आसपासची गवतं पानं खाऊन नुसत्या काड्या उरलेली दिसायला लागली. हे एवढ्यासाठी सांगतोय की लोक भुंगे सोडतात आणि पंधरा दिवसांनी फोन करतात, साहेब काहीच झालं नाही. अहो औषध नाहीये ते. जीव आहे, त्याला अंडी घालून पोरं वाढवायला वेळ लागतो.

त्याचं वर्षाचं चक्र नीट समजून घ्या, सगळं त्यातच आहे. हिवाळा लागला की मोठा भुंगा जमिनीत शिरतो आणि तिथेच गप्प पडून राहतो, न खाता, थेट पुढच्या पावसापर्यंत. जूनमध्ये पाऊस होऊन माती भिजली की वर येतो. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, पिवळसर, लांबुळकी, एकेक किंवा थोडी थोडी जवळजवळ. चार-पाच दिवसांत अळी निघते. लहान अळी शेंड्यात आणि पानाच्या बेचक्यातल्या कोंबांत घुसून खाते, आणि खरं काम ती करते, कारण शेंडाच गेला की फुलाचा दांडा येणार कुठून? मोठी झाली की पानं खाते, दहा-बारा दिवसांनी जमिनीत उतरते, तिथे कोष करते आणि आठ-दहा दिवसांनी नवा भुंगा वर. म्हणजे अंड्यापासून भुंग्यापर्यंत महिनाभर धरा. पावसाळ्यात अशा तीन-चार पिढ्या होतात, आणि एक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालू शकते.

आता यातून तुम्हीच काय ते समजा. तुमच्या माणसाने गेल्या वर्षी तणनाशक मारलं तेव्हा गवत मेलं आणि गवताबरोबर भुंग्याचं खाणंही गेलं, अळ्या उपाशी मेल्या असणार. गवताचं बी मात्र जमिनीत जसंच्या तसं होतं. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया लागतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. दुसरं, प्लॉटवर जेसीबी फिरवून सपाट करून घ्यायची पद्धत आहे आपल्याकडे, उन्हाळ्यात केलं तर झोपलेले भुंगे गाडले जातात आणि बी मात्र मस्त पसरतं.

घरात घुसत नाहीत. चावत नाहीत. झेंडू-शेवंतीवर मी कधी बसून खाताना बघितला नाही. सूर्यफुलाचा प्रश्न बरोबर विचारलात, त्याचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाहीये, संध्याकाळी लिहितो, नाहीतर इथे कोणी जाणकार असेल तर त्यांनी लिहावं.

---

बांधावरचा
२९ जून, दुपारी १:४८

मी शिरूरकडचा शेतकरी. ताईंच्या भावाचं बरोबर आहे असं मला वाटतं, रागावू नका कोणी. शहरात प्लॉटवर सोडायला काय जातंय, पीक आमचं असतं. आमच्याकडे पण १९९० नंतर ही चर्चा लय झाली होती की कर्नाटकात भुंगा सूर्यफुलावर चढलाय, वडील सांगायचे की लोक बरण्या परत द्यायला लागले होते. आधी कोणीतरी बाहेरून गवत आणलं, मग ते मारायला बाहेरून किडा आणला, उद्या किड्याला मारायला अजून काही आणाल. गवत खाऊन संपलं की तो काय उपाशी मरणार आहे का, शेजारच्या पिकावर जाणारच ना. कोणी ठामपणे सांगेल का की तो सूर्यफूल खात नाही? आणि पुस्तकातलं नको, शेतातलं सांगा.

---

वनस्पतीवेडी
२९ जून, रात्री ९:३०

बांधावरचा दादा, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि ती आपल्या देशात फार गांभीर्याने घेतली गेली होती. मी वनस्पतीशास्त्र शिकवते, दर पावसाळ्यात मुलांना घेऊन याच भुंग्यावर प्रोजेक्ट करून घेते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले आहेत, भाऊबंद म्हणा ना. त्यामुळे भीती वाटणं साहजिक होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात खरंच सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगे कुरतडताना दिसले, अफवा नव्हती ती. सरकारने चौकशी समिती नेमली, भुंगे सोडण्याचं काम थांबवलं गेलं. मग अभ्यासात असं लक्षात आलं की त्या शेतांच्या कडेने गाजर गवत फुललेलं होतं, त्याचे परागकण वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसलेले, आणि आसपासचं गवत भुंग्यांनी फस्त करून टाकलेलं. भुकेला भुंगा त्या परागकणांच्या वासाने पानावर यायचा आणि कुरतडायचा. पण सूर्यफुलावर त्याची वस्ती होत नाही, पिढ्या वाढत नाहीत. थोडी भोकं पडतात, पीक जात नाही. पुढे ती बंदी उठली, आणि आज तो देशाच्या कितीतरी भागांत पसरलेला आहे तरी सूर्यफुलावरची कीड म्हणून त्याची मोजदाद होत नाही. लांडगा म्हणजे ते काटेरी बोंडांचं तण असतं ना, चपलेला-धोतराला चिकटणारं, त्यावर मात्र मी स्वतः त्याला खाताना बघितलंय. तेही तणच.

म्हणजे "अजिबात तोंड लावत नाही" असं मी म्हणणार नाही. पण बांधावर गाजर गवत फुलू दिलं नाही तर सूर्यफुलावर येण्याचं कारणच उरत नाही, हे म्हणेन.

आणि दादा, आपल्याकडे कुठलाही किडा डोळे मिटून आणतात असं नाहीये. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. ऑस्ट्रेलियात गाजर गवतावर एक छोटा पतंग सोडलाय, त्याची अळी खोडात शिरते आणि खोडाला गाठ येते, झाड खुरटतं. तिकडे तो छान काम करतो. तोच पतंग १९८० च्या दशकात बंगळुरूला आणला होता, बंदिस्त प्रयोगशाळेत आपल्या पिकांवर सोडून बघितला तर तो कारळ्यावर वाढायला लागला. आपलं कारळं हो, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. ऑस्ट्रेलियाला कारळ्याचं काही पडलेलं नव्हतं, आपल्याला होतं, आपल्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याचं ते पीक आहे. तिथल्या तिथे सगळे पतंग नष्ट केले, एकही बाहेर सोडला नाही. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो. कोणीतरी एका प्रयोगशाळेत बसून कारळ्याच्या रोपावर अळी वाढतेय का हे रोज उठून बघितलं म्हणून आज ते पीक सुखरूप आहे.

---

बांधावरचा
२९ जून, रात्री १०:२०

कारळ्याचं माहीत नव्हतं. आमच्या आजीच्या वेळी बांधाकडंनं असायचंच. ठीक आहे ताई, पटलं थोडं. पण मला अजून एक सांगा, असं कुठं झालंय का की किडा सोडला आणि गडबड झाली? ते पण सांगा, नुसतं चांगलं चांगलं नको.

---

वनस्पतीवेडी
२९ जून, रात्री ११:१५

झालंय ना. आणि ज्या किड्याचं सगळ्या जगात सगळ्यात जास्त कौतुक झालं त्याच्याच बाबतीत झालंय.

ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंग बागेत-कुंपणाला म्हणून नेला आणि तो एवढा माजला की १९२५ च्या सुमारास दोन कोटी हेक्टरच्या वर जमीन त्याने खाल्ली होती, लोक शेतं-घरं सोडून गेले. अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली, कॅक्टोब्लास्टिस त्याचं नाव, १९२६ पासून सोडली, आणि सात-आठ वर्षांत त्याच्या अळ्यांनी निवडुंगाची ती रानंच्या रानं आतून पोखरून सडवून टाकली. तिकडे एका गावात या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलंय. आता दुसरी बाजू बघा, तोच पतंग पुढे १९५७ मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर नेला, तिथून तो पसरत पसरत १९८९ ला अमेरिकेत फ्लोरिडात सापडला, आणि तिथे निवडुंग हे तण नाहीये, तिथलंच मूळचं झाड आहे, दुर्मीळ जाती आहेत. मेक्सिकोत तर निवडुंग भाजी म्हणून खातात, फळं विकतात, त्यांना धडकी भरली. एका ठिकाणचं औषध दुसऱ्या ठिकाणी रोग झालं, किडा तोच.

निवडुंगाचं निघालंच आहे तर आपल्या पुण्याचं सांगते. नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा सगळ्यांना माहीत आहे, तुकोबांची पालखी उतरते तिथे. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून ते नाव. आता नाना पेठेत निवडुंगाची जाळी होती हे कोणाला सांगून खरं वाटेल का? आणि तणावर किडा सोडण्याची जगातली पहिली गोष्ट आपल्याच देशातली आहे, तीही चुकून घडलेली. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंग हवा होता, तो निवडुंगावरच्या एका किड्यापासून निघतो, आणि तो धंदा स्पॅनिश लोकांच्या हातात होता. कंपनीच्या माणसाने ब्राझीलवरून किडे आणले ते नेमके चुकीच्या जातीचे, रंग हलका निघाला, धंदा बुडाला, पण त्या किड्याने इथला एका जातीचा निवडुंग खाऊन साफ केला. ते बघून पुढे तो मुद्दाम दक्षिणेत आणि सिलोनला नेऊन सोडला. कोणा शास्त्रज्ञाच्या आधी लोकांनी डोळ्यांनी बघून ओळखलं होतं की हे काम होऊ शकतं.

---

टेकडीमित्र
३० जून, सकाळी ६:४०

वा, सकाळी सकाळी एवढं छान वाचायला मिळालं. थोडी भर घालतो कारण गाजर गवताचा आणि पुण्याचा संबंध जवळचा आहे आणि फार लोकांना ठाऊक नसतो. देशात या गवताकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते पुण्यातच, १९५५ साली, आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी भारतासाठी नवीन वनस्पती म्हणून त्याची नोंद छापली. अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य मदत योजनेच्या गव्हातून आलं असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो, काँग्रेस गवत हे नावही त्या काळातलं. पण भारताबरोबर पीएल-४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे, म्हणजे गवत त्याच्या आधीच इथे दिसलेलं होतं. १९५१ मध्येही दुष्काळात अमेरिकेतून गहू आला होता, तेव्हा धान्यातून आलं असेल तर त्या आधीच्या धान्यातून आलं असावं. इथून ते देशभर गेलं, आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आहे. मला पुणेकर म्हणून हे मनाला लागतं. आपल्या गावातून गेलं तर आपण काहीतरी केलं पाहिजे असं वाटतं.

मी रोज वेताळ टेकडीवर जातो. तिथे घाणेरीचं प्रकरण वेगळंच आहे. घाणेरीवर देशात १९२१ पासून वेगवेगळे किडे सोडून झालेत, एक जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण १९४१ ला ऑस्ट्रेलियातून आणला होता, त्याने पानं पिवळी पडतात, झाड उन्हाळ्यात बोडकं दिसतं आणि पाऊस आला की परत तेवढंच. घाणेरी म्हणजे एक जात नाहीये, बागांसाठी संकर करून करून तयार झालेल्या कितीतरी जाती आहेत, एका किड्याला एक आवडते, दुसरी नाही. म्हणून सगळीकडे किडा हे उत्तर नाही हेही सांगतो.

आणि कोणी जलपर्णीबद्दल सांगेल का? मुळा-मुठेत आणि पवनेत दर उन्हाळ्यात हिरवा गालिचा होतो, यंत्राने काढतात, परत येते. तिच्यावर किडा नाही का?

---

जुना_कृषीवाला
३० जून, सकाळी ११:२२

आहे ना. धान्यातला सोंडकिडा माहितीये ना, त्याच्याच जातकुळीतले दोन, निओकेटिना नावाचे, १९८० च्या दशकात आणलेत. मूळ दक्षिण अमेरिकेचे, जलपर्णीही तिथलीच. मोठा किडा रात्री पानाचं वरचं साल खरवडतो, जवळून बघितलं तर पानावर छोटे चौकोनी ठिपके दिसतात, नखाने ओरखडल्यासारखे. अळी देठातून पोखरत खाली गड्ड्यापर्यंत जाते आणि कोष पाण्यात मुळांवर करते. देठ पोखरला की त्यात पाणी शिरतं, सडतं, झाड जड होऊन बुडतं. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात चांगला परिणाम झाला. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर १९९५ पासून सोडले आणि तीन-चार वर्षांत तिथली जलपर्णी एकदम बसली, त्याला त्या वर्षीच्या हवामानाचाही हात होता म्हणतात.

आपल्या नद्यांत मात्र त्याला अवघड आहे आणि का ते सांगतो. जलपर्णीला सांडपाणी म्हणजे खुराक. मैलापाणी, साबण, सगळं नदीत, मग ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. किड्याची पिढी व्हायला दोन-तीन महिने लागतात. तो कितीही खाऊ दे, ती त्याच्यापुढे पळते. वर, यंत्राने जलपर्णी उपसली की किडा, अळ्या, कोष सगळं तिच्याबरोबर काठावर येऊन वाळून जातं. आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की उरलीसुरली सगळी वाहत खाली भीमेत, उजनीत. म्हणजे दरवर्षी किड्याची पाटी कोरी. शांत, थोड्या स्वच्छ पाण्याच्या तळ्यात, जिथे कोणी उपसत नाही, तिथे तो दिसतो. नदीत सांडपाणी थांबेपर्यंत मी कोणाला त्याची खात्री देणार नाही.

आता धायरीच्या ताईंसाठी कामाचं. भुंग्यात एक उणीव आहे ती लपवून ठेवत नाही, त्याची संख्या खरी वाढते ती ऑगस्ट-सप्टेंबरला, आणि जूनच्या पहिल्या पावसात उगवलेलं गवत तोपर्यंत फुलून मोकळं झालेलं असतं, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं ते. त्यामुळे भुंगा एकटा पुरत नाही. असं करा, भिंतीपासूनची पंधरा-वीस फुटांची पट्टी, जिथून तुमच्या बाल्कनीत परागकण येतात, ती फुलं यायच्या आत मुळासकट उपटून घ्या, जमीन ओली असताना, हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं बांधून. सासऱ्यांना त्या दिवशी घरात ठेवा. उपटलेलं जाळू नका, त्या धुराने आणि भुगाऱ्याने त्रास वाढतो, फूल आलेलं नसेल तर खड्ड्यात कुजवा. पलीकडचं गवत भुंग्यासाठी ठेवा. सगळंच उपटलंत तर तो खाणार काय? आणि तणनाशक नाही म्हणजे नाही.

पट्टी रिकामी झाली की तिथे टाकळा येऊ द्या. टाकळ्याचं बी दिवाळीच्या आसपास रस्त्याच्या कडेने हवं तेवढं मिळतं, ते जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी पाऊस पडायच्या आधी फेका. टाकळा दाट आला की त्याच्या खाली गाजर गवताला जागाच उरत नाही. शिवाय कोवळ्या टाकळ्याची भाजी करतोच आपण.

भुंगे वाढवायचे असतील तर विकत कशाला, सिंहगड रस्त्याने कुठे पानं चाळण झालेलं गवत दिसलं की तिथून बरणीत गोळा करा, झाकणाला भोकं पाडा, आत गवताचे शेंडे टाका आणि त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या प्लॉटवर सोडा. दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मरतात. जबलपूरला तण संशोधन संचालनालय आहे, ते दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह करतात, त्या सुमारास कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केलीत तर माहिती मिळेल. फक्त बाहेरच्या देशातून कुठलाही किडा स्वतः मागवायचा विचारही करू नका, कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी.

---

धायरीकरीण
३० जून, रात्री ९:५५

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. मी भावाला वनस्पतीवेडी ताईंचं सगळं वाचून दाखवलं फोनवर. कारळ्याचं ऐकून गप्प झाला आणि म्हणाला बांधावरचं गवत मी या रविवारी काढून टाकतो, मग तू तिकडे काय सोडायचं ते सोड. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढते. पट्टी उपटायला माणसं लागतील, बघू.

---

धायरीकरीण
२ ऑगस्ट, रात्री ८:३०

अपडेट देतेय. सोसायटीत पहिल्यांदा नाहीच म्हणाले, किडे सोडणार म्हटल्यावर दोघीतिघी घाबरल्या, लहान मुलं आहेत वगैरे. मग मी एक भुंगा काचेच्या बरणीत गवताच्या शेंड्यासकट नेऊन मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला. मुलंच जमली सगळी बघायला. एका मुलाने तो हातावर चालवला आणि त्याच्या आईने बघितलं की काही होत नाही. त्यानंतर विरोध मावळला. १२ जुलैच्या रविवारी आम्ही नऊ जणांनी पट्टी उपटली, साडेतीन तास लागले, खड्डा दोनदा खणावा लागला. नांदेड फाट्याच्या पुढे एका रिकाम्या जागेत खूप भुंगे सापडले, तीन बरण्या भरल्या, दोनशेच्या आसपास असतील, तेव्हाच संध्याकाळी सोडले.

पहिले दोन आठवडे मला काहीच दिसत नव्हतं, रोज भिंतीवरून बघायचे आणि हिरमुसून परत यायचे. काकांनी आधीच सांगितलं होतं म्हणून धीर धरला. मागच्या आठवड्यात पान उलटून बघितलं तर पिवळी अंडी, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, एका पानाखाली सहा. आज शेंड्यातला कोंब उकलला तर आत हिरवट पिवळी अळी, डोकं आत खुपसून बसलेली, कोंब आतून काळा पडलेला. त्या रोपाला अजून फूल नाही. त्याच्या शेजारच्या, अळी नसलेल्या रोपांना कळ्या आल्यात.

काका, प्लॉटच्या लांबच्या टोकाला जे आधी उगवलं होतं ते फुललंय, तिकडे अजून भुंगे कमी आहेत. तिथलं उपटू की राहू देऊ?

---

जुना_कृषीवाला
३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, वाचून फार बरं वाटलं. लांबच्या टोकाचं फुललेलं आता उपटू नका, हलवलं की परागकण उडतील आणि बी गळेल. अळ्या असलेल्या रोपांचे शेंडे तोडून तिकडच्या कोवळ्या रोपांवर नेऊन ठेवा, अळ्या आपोआप चढतात. आणि प्लॉटच्या मालकाच्या माणसाला गाठून एवढंच सांगा की उन्हाळ्यात जेसीबी लावू नका.

---

बांधावरचा
३ ऑगस्ट, दुपारी २:१५

ताई, तुमच्याकडे सप्टेंबरात भुंगे जास्त झाले तर एक बरणी मला द्याल का? आमच्या शाळेच्या मैदानाला कडेने सगळं गाजर गवतच आहे, पोरं तिथंच खेळतात. सूर्यफूल तिथून दोन किलोमीटर लांब आहे. मी दर शनिवारी मार्केट यार्डला येतो, धायरी फाट्यापर्यंत येईन.

---

धायरीकरीण
३ ऑगस्ट, रात्री ९:०२

नक्की दादा. एक नाही दोन बरण्या देते, शेंडे भरून. शनिवारी सकाळी या म्हणजे ऊन व्हायच्या आत घेऊन जाता येतील.

काल सासरे भिंतीपाशी आले होते, लांबूनच, तोंडाला रुमाल लावून. मी पान उलटून अंडी दाखवली तर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. पापण्यांवर या वर्षी अजून चट्टे आलेले नाहीत, पण खरा त्रास सप्टेंबरात सुरू होतो, त्यामुळे आत्ताच काही बोलत नाही. बाल्कनीचं दार आज सकाळी उघडं होतं.